विजयदुर्ग, हेलियम आणि 'पृथ्वीवरचा सूर्य'

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्यात माहितीइतकेच माझे मतही आहे. घाईत असाल तर जतन करून ठेवा आणि निवांत वाचा, ही विनंती.

18 ऑगस्ट जवळ आला की मराठी समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. 1868 साली याच दिवशी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि सूर्यावरील हेलियमचा शोध लावला, असा त्याचा आशय असतो. सोबत 'साहेबाचे कट्टे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किल्ल्यावरील चौथऱ्यांचे छायाचित्र असते आणि खाली अभिमानाचे प्रतिसाद. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मजकुराखाली मी लहानशी दुरुस्ती लिहिली: त्या दिवशी लॉकयर भारतात नव्हते, इंग्लंडमध्ये होते. त्यावर जे ऐकावे लागले त्यातले बरेचसे येथे देण्याजोगे नाही. एका वाचकाने मात्र सरळ विचारले, "मग आमच्या विजयदुर्गाला उरले काय?" तो प्रश्न मनात राहिला.

समाजमाध्यमांवर असाच दुसरा एक मजकूर वर्षातून दोन-तीनदा येतो: 'शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर सूर्य निर्माण केला, आता वीज जवळपास फुकट.' आणि त्याखाली तितकाच ठरलेला उपहास: 'ही वीज गेली सत्तर वर्षे तीस वर्षांवरच आहे.'

माझे म्हणणे असे की विजयदुर्गाचा मजकूर, सूर्य निर्माण केल्याची घोषणा आणि तिची थट्टा, ही तिन्ही एकाच मुशीतून निघालेली आहेत. तिघांनाही एक दिवस, एक जागा आणि एक नायक हवा असतो. अणुकेंद्रांच्या संमीलनाचा इतिहास मात्र तसा नाही. तो संशयाने घेतलेल्या मोजमापांचा, चारचौघांत मागे घेतलेल्या दाव्यांचा आणि चिवटपणाचा इतिहास आहे. तो नीट ठाऊक नसेल तर विजयदुर्गाच्या बाबतीत फार तर एका तारखेची चूक होते. ऊर्जेच्या बाबतीत मात्र आपण आधी भाबडे होतो आणि मग तुच्छतावादी. आणि उद्या याच विषयावर सार्वजनिक पैशाचे निर्णय व्हायचे असतात तेव्हा या दोन्ही वृत्ती सारख्याच निरुपयोगी ठरतात.

प्रथम 1868. त्या वर्षीच्या ग्रहणाची खग्रास पट्टी दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली होती. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला, तर विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल आपल्या जमखंडीला. सूर्यबिंबाच्या कडेला दिसणाऱ्या लालसर ज्वाला नेमक्या कशाच्या आहेत, हा प्रश्न घेऊन सारे आले होते. वर्णपटदर्शकातून पाहिल्यावर तेथे सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या होत्या. त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. बहुतेकांनी ती सोडियमची समजून सोडून दिली. जान्सेन यांना त्याहून मोलाची गोष्ट सुचली: रेषा इतक्या तेजस्वी असतील तर ग्रहणाची गरजच काय? दुसऱ्याच दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या.

हीच युक्ती लॉकयर इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे शोधत होते. 20 ऑक्टोबर 1868 रोजी, कोणतेही ग्रहण नसताना, त्यांना त्या रेषा दिसल्या आणि पिवळी रेषा सोडियमच्या जागी नसून किंचित बाजूला आहे, हेही ध्यानात आले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत त्यांनी प्रयोगशाळेत ती रेषा मिळवण्याचा प्रयत्न केला. ती मिळाली नाही. मग हे पृथ्वीवर अज्ञात असलेले मूलद्रव्य असावे, या तर्काला सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव मिळाले. अनेक रसायनशास्त्रज्ञ त्याला हसत राहिले. 1895 मध्ये विल्यम रॅम्झी यांनी युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत नेमकी तीच रेषा पाहिली, तेव्हा हसू थांबले. मध्ये 27 वर्षे गेली होती.

आणि विजयदुर्ग? लॉकयर तेथे खरोखर आले होते, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. नौदलाच्या खलाशांच्या मदतीने त्यांनी किल्ल्यात उपकरणे मांडली आणि सूर्याच्या बाह्य थरांच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. त्या चौथऱ्यांचा संबंध या मोहिमेशी जोडणेच सयुक्तिक आहे. तेच ग्रहण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी दादाभाई नाएगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरहून टिपले. त्यांच्यावर मराठीत शंभर शब्दही सहज सापडत नाहीत, आणि जे घडलेच नाही त्या 1868 च्या विजयदुर्गावर मात्र दरवर्षी नवे मजकूर येतात, याची मला खंत वाटते.

हेलियम सूर्यावर आहे एवढे कळले. पण सूर्य जळतो कशावर, हे 1868 मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते, आणि या अज्ञानाचा फटका अनपेक्षित ठिकाणी बसला.

1859 च्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत चार्ल्स डार्विन यांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडील वील्ड या प्रदेशाची झीज होण्यास सुमारे 30 कोटी वर्षे लागली असावीत, असा हिशोब दिला होता. टीका झाल्यावर तिसऱ्या आवृत्तीतून त्यांनी तो काढला. पण पुढच्याच वर्षी, 1862 मध्ये, विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी सूर्याच्या उष्णतेवर लेख लिहिला. सूर्य आकुंचन पावतो आणि त्यातून उष्णता निघते असे मानले, तर तो बहुधा 10 कोटी वर्षांपेक्षा जास्त काळ प्रकाशत नसावा, असे त्यांचे गणित होते. पुढे तर त्यांनी पृथ्वीचे वय 2 ते 4 कोटी वर्षांवर आणले. उत्क्रांतीला एवढा काळ अपुरा होता. गणितात चूक नव्हती. चूक होती ती सूर्याला एकच ऊर्जास्रोत असू शकतो या गृहीतकात. केल्विन यांनी त्या लेखात एक खिडकी उघडी ठेवली होती: आपल्याला अज्ञात असलेला एखादा स्रोत निसर्गाच्या कोठारात नसेल तरच हे खरे. लोकांनी आकडे लक्षात ठेवले आणि ती अट विसरली.

ती खिडकी 1920 मध्ये उघडली. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टन अणूंची वस्तुमाने अतिशय काटेकोरपणे मोजत होते. हेलियमचा एक अणू हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा किंचित हलका भरतो, असे त्यांना आढळले. आजच्या आकड्यांत सांगायचे तर 1000 किलो हायड्रोजनचे संमीलन होऊन हेलियम बनले तर ते सुमारे 993 किलोच भरेल. उरलेल्या 7 किलोंची ऊर्जा होते. ऑगस्ट 1920 मध्ये कार्डिफ येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात आर्थर एडिंग्टन यांनी हा तुटीचा हिशोब ताऱ्यांना लावला आणि सूर्याचे इंधन बहुधा हेच असावे असे सांगितले. त्याच भाषणात, ही शक्ती उद्या माणसाच्या हाती आली तर ती त्याच्या कल्याणासाठी वापरली जाईल की आत्मघातासाठी, अशी शंकाही त्यांनी बोलून दाखवली. हिरोशिमाच्या पाव शतक आधी!

पण सूर्यात एवढा हायड्रोजन होता कुठे? सूर्याची घडण साधारण पृथ्वीसारखीच, लोखंड वगैरेंची, असावी असा तेव्हाचा समज होता. तो मोडला सेसिलिया पेन या 25 वर्षांच्या संशोधक विद्यार्थिनीने, आणि तिच्या हातातील अवजार भारतीय होते: मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये मांडलेले आयनीभवनाचे समीकरण. वर्णपटातील रेषांची तीव्रता ही मूलद्रव्याच्या प्रमाणाइतकीच तापमानावरही अवलंबून असते. साहांच्या समीकरणाने हा गुंता सोडवता येतो. पेन यांनी तो सोडवला आणि तारे प्रामुख्याने हायड्रोजन व हेलियमचे आहेत असे उत्तर आले. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते अशक्य वाटले. त्यांच्या आग्रहामुळे पेन यांना 1925 च्या प्रबंधात आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे लिहावे लागले. 1929 मध्ये रसेल स्वतः दुसऱ्या मार्गाने त्याच निष्कर्षाला पोहोचले. प्रबंध लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कोणालाही हा प्रसंग वाचताना जरा अस्वस्थ व्हायला होते.

येथून पुढची वाट झपाट्याने कापली गेली. 1928 मध्ये जॉर्ज गॅमो यांनी पुंजभौतिकीतील 'बोगद्या'ची कल्पना अणुकेंद्राला लावली, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही कणाने अडथळ्यापलीकडे जाणे. पुढच्याच वर्षी अ‍ॅटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी तिच्या आधारे ताऱ्यांत संमीलन शक्य असल्याचे दाखवले. 1939 मध्ये हान्स बेथे यांनी अभिक्रियांची पूर्ण साखळी मांडली. त्यासाठी त्यांना 1967 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग प्रश्न आला: सूर्य करतो ते आपण का करू नये?

'पृथ्वीवर सूर्य आणणे' या शब्दप्रयोगाशी माझे भांडण येथेच सुरू होते. सूर्य जे करतो ते पृथ्वीवर कोणी करतच नाही, आणि केले तर त्याचा काही उपयोगही नाही.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची दोन केंद्रके एकत्र येण्याची पहिली पायरी इतकी दुर्मीळ आहे की एखाद्या प्रोटॉनला तिच्यासाठी सरासरी अब्जावधी वर्षे वाट पाहावी लागते. म्हणूनच सूर्य 460 कोटी वर्षे टिकला आहे. गाभ्याच्या अगदी मध्यावर एका घनमीटरमागे निघणारी ऊर्जा तीनशे वॉटपेक्षाही कमी भरते. शांत बसलेला माणूस सुमारे शंभर वॉट उष्णता देतो, आणि त्याचे आकारमान घनमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. म्हणजे आकारमानाच्या हिशोबाने हा धागा वाचत पडलेले तुम्ही सूर्याच्या गाभ्यापेक्षा जास्त उष्णता देत आहात. सूर्याचे सारे वैभव त्याच्या अवाढव्यपणात आहे. दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन तो संपवतो, ते केवळ त्याच्यापाशी तेवढा साठा आहे म्हणून.

आपल्याला त्या आकाराची भट्टी परवडत नाही. तेव्हा माणसाला सूर्याहून कितीतरी पट वेगवान अभिक्रिया हवी. ती म्हणजे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांचे संमीलन. पण सूर्यासारखे गुरुत्वाकर्षणाचे दडपण हाताशी नसल्याने त्यासाठी 10 ते 15 कोटी अंश तापमान लागते. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश असतात. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात मुबलक आहे. ट्रिटियम मात्र निसर्गात जवळजवळ नाही, कारण त्याचे अर्धायु जेमतेम 12.3 वर्षे आहे. ते लिथियमपासून तयार करावे लागते. शिवाय या अभिक्रियेतील सुमारे 80 टक्के ऊर्जा वेगवान न्यूट्रॉन घेऊन बाहेर पडतात, आणि ते भट्टीच्या भिंती खिळखिळ्या व किरणोत्सारी करतात. यातले काहीच सूर्याला करावे लागत नाही. सूर्याची उपमा देताना आपण नकळत असे वचन देतो की निसर्गाला सहज जमले ते आपल्यालाही जमेल. निसर्गाला ते 'सहज' जमलेले नाही. त्याच्यापाशी वेळ होता.

हे वचन प्रथम जाहीरपणे मोडले ते अर्जेंटिनात. 24 मार्च 1951 रोजी राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन यांनी ब्वेनोस आयरेसमध्ये घोषणा केली की उएमुल बेटावरच्या गुप्त प्रयोगशाळेत रोनाल्ड रिश्टर या शास्त्रज्ञाने नियंत्रित संमीलन साधले आहे. पुढच्या वर्षी होसे बाल्सेरो व इतरांच्या समितीने तपासणी केली आणि सारा डोलारा कोसळला. गंमत अशी की ही खोटी बातमी वाचून अमेरिकेत लायमन स्पिट्झर या खगोलशास्त्रज्ञाच्या मनात मूळ प्रश्न घोळू लागला, आणि त्यातून चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडून ठेवणाऱ्या 'स्टेलरेटर' या यंत्राची कल्पना जन्मली. या शाखेच्या आरंभी एक थाप आहे, हे विसरता कामा नये. आणि त्या थापेची शहानिशा करणारी माणसे तिच्याच देशात होती, हेही.

आता होमी भाभा. ऑगस्ट 1955 मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी भाकीत केले की पुढील दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याचा मार्ग सापडेल, आणि मग समुद्रातल्या जड हायड्रोजनइतके मुबलक इंधन जगाला लाभेल. दोन दशके 1975 मध्ये संपली. भाभांच्या या वाक्याची टिंगल करणारे मजकूर आपल्याकडे अधूनमधून येतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबायला हवे. 1955 मध्ये उभ्या असलेल्या माणसाला मागे वळून काय दिसत होते? युरेनियमच्या विखंडनाचा शोध डिसेंबर 1938 मधला. शिकागोची पहिली अणुभट्टी डिसेंबर 1942 मधली. ओबनिन्स्कचे अणुवीज केंद्र 1954 मधले. शोधापासून विजेपर्यंत सोळा वर्षे, आणि त्यात एक महायुद्ध. हायड्रोजन बाँबची पहिली चाचणी 1952 मध्ये झालेली. या वेगाच्या हिशोबाने वीस वर्षे हा सावध अंदाज होता. त्यातच अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांचे या विषयावरचे काम तेव्हा गुप्त होते. भाभांच्या भाषणानंतर ते असल्याची कबुली तरी उघडपणे दिली जाऊ लागली. एका अण्वस्त्रहीन, नवस्वतंत्र देशाच्या प्रतिनिधीने तो पडदा हलवला, याचे महत्त्व भाकीत चुकले म्हणून कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. भाभांनी भारताचा कार्यक्रम या भाकितावर उभारलाच नाही. त्यांचा तीन टप्प्यांचा आराखडा विखंडनाचा होता, आणि त्याचे अंतिम लक्ष्य आपल्या किनाऱ्यांवरच्या वाळूतील थोरियम हे होते. स्वप्न व्यासपीठावरून सांगावे, पण वीज हातात असलेल्या साधनांतून काढावी, असा हा व्यवहार होता. त्यांना भाबडे म्हणणाऱ्यांनी निदान त्यांचे भाषण आणि त्यांचे अंदाजपत्रक शेजारी शेजारी ठेवून वाचावे.

भाभांनंतर तीनच वर्षांनी घाईने खरा बळी घेतला. ब्रिटनच्या हारवेल येथे 'झीटा' नावाचे यंत्र होते. त्यातून न्यूट्रॉन निघताना दिसले आणि जानेवारी 1958 मध्ये संमीलन साधल्याची बातमी जगभर झळकली. सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी पत्रकारांना आपली खात्री नव्वद टक्के असल्याचे सांगितले. उरलेले दहा टक्के अर्थातच छापले गेले नाहीत. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला: न्यूट्रॉन निघत होते, पण सारा प्लाझ्मा तापल्यामुळे नव्हे, तर त्यातील अस्थिरतेने काही थोडे कण वेगात फेकले गेल्यामुळे. यंत्र निकामी नव्हते, माणसे लबाड नव्हती. तापमान नीट मोजण्याचे साधन नव्हते, एवढेच.

आणि आता या साऱ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता प्रसंग. ऑगस्ट 1968 मध्ये नोवोसिबिर्स्क येथील परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितले की मॉस्कोच्या टी-3 या टोकामॅकमध्ये, म्हणजे वड्याच्या आकाराच्या चुंबकीय पिंजऱ्यात, इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे 1 कोटी अंशांवर गेले आहे. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. झीटाने पोळलेले ब्रिटिश तर विशेष सावध होते. तेव्हा आर्त्सिमोविच यांनी आजही विलक्षण वाटावे असे पाऊल उचलले. त्यांनी इंग्लंडच्या कलहॅम प्रयोगशाळेच्या चमूला आपल्या यंत्राचे तापमान स्वतःच्या उपकरणांनी येऊन मोजण्याचे आमंत्रण दिले. त्याच ऑगस्टच्या अखेरीस सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. तरीही चमू गेला. लेझरसह सुमारे पाच टन सामान मॉस्कोला नेण्यात आले. प्लाझ्मात लेझरचा प्रकाश सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरताना त्याचा रंग किती पसरतो ते पाहायचे, अशी ही पद्धत. 1969 मध्ये उत्तर आले: रशियन खरे बोलत होते.

पुढच्या वर्षभरात प्रिन्स्टनने आपला मोठा स्टेलरेटर मोडून त्याचा टोकामॅक केला आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्याच मार्गाला लागल्या. घोषणेने जे साधले नव्हते ते संशयी पाहुण्यांनी साधले. शीतयुद्ध म्हटले की आपल्याला हेरगिरीच्याच कथा सांगितल्या जातात. प्रतिस्पर्ध्याच्या हाती मोजपट्टी देणारी ही कथा पाठ्यपुस्तकात का नसावी, हे मला कळलेले नाही.

त्या वर्षापासून आजवर काय झाले, हे थट्टा करणाऱ्यांनी जरूर पाहावे. प्लाझ्माची घनता, तापमान आणि ऊर्जा कोंडून ठेवण्याचा काळ यांचा गुणाकार हे या क्षेत्राचे खरे मोजमाप आहे. आरंभीच्या टोकामॅकांच्या तुलनेत तो हजारो पटींनी वाढला आहे. 1997 मध्ये कलहॅमच्या 'जेट' यंत्राने 24 मेगावॉट तापनशक्ती घेऊन 16 मेगावॉट संमीलनशक्ती दिली. याच यंत्राने 2023 मधील आपल्या शेवटच्या प्रयोगमालेत सुमारे पाच सेकंदांत 69 मेगाजूल ऊर्जा दिली, तीही 0.2 मिलिग्रॅम इंधनातून. 'तीस वर्षे' हा आकडाही हवेत तरंगत नव्हता. 1976 मध्ये अमेरिकेत आखलेल्या योजनेत पैशांच्या वेगवेगळ्या पातळ्यांना वेगवेगळ्या मुदती दिल्या होत्या, आणि अगदी कमी पैशाची रेषा भट्टीपर्यंत कधीच पोहोचत नव्हती. प्रत्यक्षात जवळपास तीच रेषा निवडली गेली. कर्जाचे हप्ते न भरता घर का मिळाले नाही, असे विचारण्यासारखे हे आहे.

पण उत्सव करणाऱ्यांनीही वीजबिल हाती घेऊन बसावे. 69 मेगाजूल म्हणजे आपल्या मीटरवरचे सुमारे 19 युनिट, आणि तीही उष्णता, वीज नव्हे. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरने लक्ष्यावर 2.05 मेगाजूल ऊर्जा टाकली आणि 3.15 मेगाजूल बाहेर आली. 'पृथ्वीवर सूर्य'च्या पाट्या पुन्हा झळकल्या. टप्पा खरोखर मोठा होता, यात वाद नाही. परंतु बाहेर आलेली ऊर्जा एका युनिटाहून कमी होती आणि लेझर चालवण्यासाठी जालातून घेतलेली वीज सुमारे 300 मेगाजूल, म्हणजे 83 युनिट होती. तेथील शास्त्रज्ञांनी हे लपवले नव्हते. केल्विनची अट आणि कॉक्रॉफ्ट यांचे दहा टक्के जेथे गेले, तेथेच हे 83 युनिटही गेले.

फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या 'ईटर' प्रकल्पाचेही तसेच. 50 मेगावॉट तापनशक्तीतून 500 मेगावॉट संमीलनशक्ती मिळवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे, मात्र तो वीज निर्माण करणारच नाही. तो प्रयोग आहे. 2024 मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकाप्रमाणे ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग तेथे 2039 मध्ये सुरू व्हायचे आहेत. भारत 2005 पासून या प्रकल्पात आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 1989 पासून 'आदित्य' हा टोकामॅक चालला, त्यातून तयार झालेल्या माणसांमुळे आपण तेथे केवळ प्रेक्षक नाही. ईटरला पोटात घेणारे सुमारे 3,850 टनांचे पोलादी निर्वात भांडे, क्रायोस्टॅट, हे भारताचे योगदान असून त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला बनले. आपल्या वृत्तवाहिन्यांनी यावर किती मिनिटे खर्च केली, याचा हिशोब मी मांडत नाही.

माझी भूमिका स्पष्ट सांगतो. या संशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, आणि तो सातत्याने व्हावा. मात्र कोळशापासून सुटका करून घेण्याचे वेळापत्रक संमीलनाच्या आशेवर एक दिवसही पुढे ढकलले जाऊ नये. 2039 मध्ये इंधनाचे प्रयोग सुरू होणार असतील तर आज विशीत असलेल्या आपल्या पिढीच्या ऐन उमेदीतले वीजप्रश्न आपल्याला इतर मार्गांनीच सोडवावे लागतील. भाभांनी नेमके हेच केले होते. खासगी कंपन्या याहून जवळच्या तारखा देत आहेत. त्यांच्या यंत्रांना मी शुभेच्छा देतो आणि आर्त्सिमोविच यांनी जे केले तेच त्यांनी करावे, अशी अपेक्षा ठेवतो. परक्या लोकांना उपकरणांसह आत येऊ द्यावे.

आता त्या वाचकाचा प्रश्न. विजयदुर्गाला उरले ते हे: हेलियम ज्यांनी नावाला आणले, तीस वर्षे ज्यांनी त्याबद्दलचा उपहास सोसला, ते लॉकयर आपला तर्क खरा ठरल्यानंतरही साठी उलटलेल्या वयात, पुन्हा मोजायला त्या किल्ल्यात आले. सूर्याबद्दलचे प्रश्न त्यांच्यासाठी संपलेले नव्हते. सूर्य का जळतो हे तर त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हते. शोध लागल्याच्या खोट्या दिवसापेक्षा मला हा 1898 चा जानेवारी अधिक अभिमानास्पद वाटतो. फलक लावायचाच असेल तर त्या तारखेचा लावावा आणि त्यावर जेऊर व नाएगमवाला यांचाही उल्लेख करावा.

कोकणातील किंवा सोलापूरकडील कोणाच्या घरी 1898 च्या ग्रहणाविषयीचे जुने मराठी वृत्तपत्र, पत्र, छायाचित्र अथवा पणजोबांच्या तोंडून आलेली आठवण असेल तर कृपया खाली कळवावे. पुढचा धागा जेऊरच्या मोहिमेवर लिहीत आहे, आणि विजयदुर्गाच्या भागात गावकऱ्यांच्या नजरेतून लिहिलेले एकही पान अजून माझ्या हाती नाही.